परसात कोणती फळझाडं लावाल? कलम घेण्याआधी वाचा

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत गर्दी होते आणि मागणी बहुधा ठरलेली असते: "एक मानकुराद, एक हापूस, एक चिकू, एक फणस, आणि आणखी काय चांगलं असेल ते द्या." झाडं विकणं हाच आमचा धंदा, तरी अशी यादी ऐकली की आम्ही आधी विचारतो, जागा किती आणि ऊन किती वेळ पडतं? काही जणांना ते रुचत नाही. पण हिशेब करून बघा. तुमचा प्लॉट ३०० चौरस मीटरचा धरू. घर, अंगण, गाडीची जागा आणि सेप्टिक टँक वजा जाता निम्मी जागा उरली तरी पुष्कळ. आंब्याच्या दोन कलमांत १० मीटर अंतर ठेवतात, म्हणजे एक आंबा १०० चौरस मीटर खातो. फणसही तेवढाच पसरतो. तेव्हा अशा प्लॉटवर मोठं झाड एकच, बाकी जागा लहान झाडांना.

वाढलेलं झाड नको झालं म्हणून लगेच पाडता येत नाही. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वन खात्याची परवानगी लागते. कौलांना खेटून लावलेला माड पुढे नारळ कुठे टाकेल, ते आजच बघा.

मोठं झाड कोणतं?

आमचं मत विचाराल तर मानकुराद, आपला गोव्याचा आंबा. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गोंयकाराला त्याची गोडी सांगायला कुठलाही कागद लागत नाही. त्याचे नखरेही ऐकून ठेवा. एका वर्षी फांद्या वाकतात, पुढच्या वर्षी जेमतेम घरापुरते आंबे. मोहोर आला असताना आभाळ भरून राहिलं किंवा धुकं पडलं की तुडतुडे आणि भुरी आलीच. सालीवर काळे डाग पडतात, त्याने आतल्या गराचं काही बिघडत नाही. हापूस इथे येतो, पण वरून देखणं फळ कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट खराब गर, निघाला की जीव हळहळतो. मानकुराद आधीच असेल तर जोडीला हिलारियो घ्या, तो उशिरा पिकतो आणि हंगाम लांबतो. मांगाड (आंब्याचा जॅम) करणाऱ्या घराने मुसराद घ्यावा, लोणच्याला फर्नांडिन.

कोय पुरून झाड वाढवायची हौस असेल तर अवश्य करा, मात्र ते आईसारखंच फळ देईल याची खात्री नाही आणि वाटही बरीच वर्षं पाहावी लागते. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळं धरतात.

आंब्याची कटकट नको असणाऱ्यांना आम्ही फणस सुचवतो. जांभ्या जमिनीत तो फारशी निगा न घेता वाढतो. घरात कापा आवडतो की रसाळ, ते ठरवूनच कलम घ्या, कारण बियांच्या रोपातून काय निघेल ते सांगता येत नाही.

भिरंडीबद्दल जरा सविस्तर

परसाला सर्वांत शोभणारं आणि सर्वांत कमी मागितलं जाणारं झाड भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं. माडाच्या सावलीतही ते वाढतं, उंच जातं पण फार पसरत नाही, आणि सोलं (आमसुलं) व आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घरचं मिळतं. अडचण एकच. भिरंडीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर. म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात लावण्याजोगी आहे.

कलम हातात घेऊन आणखी एक बघा. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची असेल तर कलमाचा शेंडा उभा असतो. आडव्या फांदीची काडी बांधली असेल तर ते एका बाजूला लोळतं, पानं पंख्यासारखी एकाच पातळीत दिसतात, आणि त्याचं झाड न होता झुडूप होतं. फळं त्यालाही लागतात. कुंपणाकडेला झुडूपच हवं असेल तर मुद्दाम तसंच मागा, आम्ही वेगळं ठेवतो.

लहान झाडं

कागदी लिंबू आणि पेरू जवळपास सगळीकडे चालतात, फक्त सहा तास ऊन हवं. पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीमुळे अळ्या होतात, थंडीतला बहार खायला चांगला. सांगे, सत्तरीकडे माकडांचा उपद्रव आहे, तिथे पेरू छाटून बुटका ठेवला तर वरून जाळी घालता येते. चिकूत कालीपत्ती घ्या, खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेली. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या वाऱ्यात चिकू टिकतो. केळीला न्हाणीचं पाणी पुरतं. पपईच्या मुळाशी मात्र पाणी साचू देऊ नका, एका मोठ्या पावसात झाड कुजून आडवं होतं. चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला घरचं तोरंजन (पपनस) बांधायचं असेल तर जागा पाहून तेही लावा. हल्ली रामबुतानची विचारणा होते. ते इथे येतं, पण कलमच हवं आणि उन्हाळाभर पाणी चुकवून चालत नाही.

सफरचंद आणि लिची आम्ही ठेवत नाही. सफरचंदाला कडक थंडी लागते आणि आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास असतो. लिची पानांनी डवरते, फळाचं नाव नाही. डाळिंबाला इथला पाऊस सोसत नाही, ते तेल्या रोगाने डागाळतं. कुणी छातीठोकपणे ही रोपं देत असेल तर त्याच्याकडचं गोव्यातलं फळ धरलेलं झाड आधी बघून या.

लावताना

खड्डे मे महिन्यातच मारून ठेवा, एक मीटर लांब, रुंद आणि खोल. खाली चिरा (जांभा दगड) लागला तर पहारीने फोडून घ्या, नाहीतर खड्ड्याचं टाकं होतं आणि मुळं आत कुजतात. चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरून वर थोडा उंचवटा करा. पाऊस स्थिरावला की जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी खोडात रुतण्याआधी सोडा आणि सांध्याखालून फुटलेले कोंब दिसताक्षणी खुडा. ते राहू दिले तर खालचा रायवळ खुंट जोर धरतो आणि वरचा मानकुराद मरतो. जानेवारी ते मे पाणी द्यावं लागतं, निदान पहिली तीन वर्षं. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला की पाणी कमी लागतं.

येताना जागेचे चार फोटो मोबाईलवर काढून आणा, एखादा दुपारच्या उन्हातला. कलम स्कूटरवरून नेणार असाल तर तसं सांगा, कोवळा शेंडा वाऱ्याने करपतो म्हणून गोणपाटात गुंडाळून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.