वळीव, तांबं आणि काच

वळवाचा पहिला कडकडाट झाला की बेळगावात पूर्वी दोन कामांसाठी धावपळ व्हायची: गच्चीवरचे सांडगे-पापड उचलायचे आणि इंटरनेटच्या मॉडेमची वायर भिंतीतून उपसायची. दुसरं राहिलं तर संपलंच. वीज गल्लीच्या टोकाला पडली तरी तिचा तडाखा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून सरळ घरात शिरायचा. आमचे दोन मॉडेम असेच गेले. आता घरात तांब्याऐवजी काच येते, म्हणजे काचेचा तंतू, ऑप्टिकल फायबर, आणि काचेतून वीज वाहत नाही. (तरी विजेच्या बोर्डातला अडॅप्टर काढावाच. तो मार्ग अजून तांब्याचाच आहे.)

टेलिफोनची ती तार मुळात बोलण्यासाठी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते याच तारेच्या भरवशावर. टेलिफोनची यंत्रणा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच आवाज पलीकडे पोचवते, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढे पुरतात. म्हणून संगणकालाही आवाजातच बोलावं लागे. मॉडेमचं ते किंचाळणं म्हणजे दोन यंत्रांची ओळखपाळख. वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट, प्रत्यक्षात त्याहून कमीच. पाच एमबीचं एक गाणं उतरायला पाव तास, आणि तोवर फोन एंगेज. खानापूरहून मामा रिंग करून करून वैतागायचे.

पण तार तीच असली तरी तिच्यात जागा बरीच रिकामी होती. एडीएसएल या तंत्राने ती वापरली. बोलणं खाली ४ किलोहर्ट्झच्या आत आणि डेटा त्याच्या वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०० पर्यंत. दोघांना वेगळं करणारी ती छोटी डबी, स्प्लिटर. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा २५६ किलोबिटलाही सरकारदरबारी ब्रॉडबँड म्हणत. गाण्याला आता अडीच-तीन मिनिटं. खोट एकच: कंपन जितकं उंच, तितकं ते तांब्यात लवकर विरतं. टेलिफोन एक्स्चेंजच्या बाजूच्या घराला जो वेग मिळे, तो चार-पाच किलोमीटरवर मिळणं शक्यच नव्हतं. पैसे मात्र दोघांचे सारखे. हे मला आजही पटत नाही.

मग मधे केबलवाला आला. टीव्हीची केबल त्याने आधीच गच्चीगच्चीवरून नेली होती, त्याच वाटेने इंटरनेटची वायर ओढली. ही वायर शंभर मीटरपलीकडे भरवशाची नसते, म्हणून दर काही घरांमागे इंटरनेट पुढे वाटणाऱ्या स्विचची एक पेटी, आणि तिला कुणाच्या तरी घरची वीज. त्या घरची लाइट गेली की अख्खी गल्ली बंद. अशा लहान सेवादारांना वाट सरकारच्या १९९८ च्या इंटरनेट धोरणाने करून दिली. त्यात परवान्याचे अ, ब, क असे वर्ग होते: अ देशभराचा, ब एका दूरसंचार मंडळाचा, म्हणजे साधारण एका राज्याचा, क साधारण एका जिल्ह्याएवढ्या टापूचा. म्हणजे बेळगावच्या क वर्गवाल्याची वायर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापाशी थांबणार. पलीकडे कागलला त्याचा सख्खा मेहुणा राहत असला तरी.

खरी उलथापालथ काचेने केली. केसाहून कितीतरी बारीक, सुमारे ९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाभ्यातून प्रकाश जातो. एक्स्चेंजमधून निघालेला एक तंतू वाटेत खांबावरच्या डबीत ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, आणि त्या डबीला वीज लागत नाही. पल्ला वीस किलोमीटरपर्यंत, त्यामुळे बाहेरचं येळ्ळूर गाव काय आणि शहरातलं शहापूर काय, अंतराची ती जुनी रड उरली नाही. येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, जाणाऱ्याची १३१०, म्हणून दोघे एकाच तंतूतून न भांडता ये-जा करतात.

पण ३२ घरं एकाच वेळी बोलायला लागली तर? इथे नळाच्या पाण्यासारखी पाळी असते, फक्त आठवड्याची नव्हे तर मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांची. सेकंदाला आठ हजार वेळा पाळ्या ठरतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दोन किलोमीटरवरच्या घराचा इशारा १० मायक्रोसेकंदांत पोचतो आणि दहा किलोमीटरवरचा ५० मध्ये. एक्स्चेंजमधलं यंत्र आधी प्रत्येक घराचं हे अंतर मोजतं आणि लांबच्याला तेवढं आधी बोलायला सांगतं. आपल्याला यातलं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त मॉडेमवरचा लाल दिवा, तंतू तुटला की.

मग हेल्पलाइनवर कन्नडसाठी कुठलं बटण, हिंदीसाठी कुठलं हे ऐकत बसायचं. शेवटी येतो तो आपल्याच गल्लीतला पोरगा, आणि बोलतो मराठीत. पूर्वी त्याच्या पिशवीत पकड आणि चिकटपट्टी असायची. आता स्प्लायसिंग मशीन असतं. तुटलेल्या तंतूची दोन टोकं समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी पाडायची, काच वितळून एक होते. धुळीचा एक कण मधे आला तर जोड वाया. म्हणून पावसात हे काम तो छत्रीखाली करतो, आणि छत्री आपल्यालाच धरावी लागते.

कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलातल्या वाड्यांना मात्र काच ओढणं महाग पडतं. तिथे ५जीचा हवेतून येणारा मार्ग किंवा साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह कामी येतील. पण उपग्रहाच्या लहरी १० ते १४ गिगाहर्ट्झच्या, मोठ्या थेंबांच्या मुसळधार पावसात त्या विरतात. आणि कणकुंबीत आषाढात कसा पाऊस कोसळतो, हे तिथेच उगम पावणाऱ्या मलप्रभेला विचारा.