साहाय्यित प्रजनन आणि भारतीय जनमत

शरीरबाह्य फलन (आयव्हीएफ), दात्याची बीजे आणि सरोगसी (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवणे) यांकडे पाहण्याची भारतीय समाजाची दृष्टी. उपचार घेणे आता रुळले आहे, मात्र तो घेतल्याचे सांगणे अजून टाळले जाते. देशातील पहिल्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा वादही या लपवाछपवीमुळे चिघळला.

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी आयव्हीएफमधून जगातील पहिले मूल, लुईस ब्राउन, जन्मले. त्यानंतर ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ‘दुर्गा’ जन्मली. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन त्यांनी एकाहून अधिक स्त्रीबीजे पक्व केली, ती योनीमार्गे काढली, आठ पेशींचे भ्रूण डीएमएसओ (गोठवताना पेशींचे रक्षण करणारे रसायन) वापरून ५३ दिवस गोठवले आणि पुढे नैसर्गिक मासिक चक्रात गर्भाशयात सोडले. राज्य शासनाच्या समितीने दावा फेटाळला. पालकांना लोकापवादाची धास्ती असल्याने मूल पुराव्यादाखल पुढे आणता आले नाही. १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारातून झालेला जन्म ‘पहिला’ ठरला. त्या प्रकल्पातील शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे पाहून अग्रमान त्यांना दिला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. शास्त्रीय दप्तरात रीतसर नोंदलेला पहिला जन्म मात्र मुंबईचाच.

वंध्यत्वाचा ठपका अजूनही आधी सुनेवर येतो. वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि सोपी चाचणी (२ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यावा लागतो), तरी ती पुष्कळदा शेवटी होते आणि तोवर पत्नीचे वय वाढून स्त्रीबीजे कमी होतात. हे नुकसान भरून निघत नाही. आणखी एक भीती प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल होण्याची; त्यासाठी प्रत्येक डिशवर नाव व क्रमांक घालून दोघांनी पडताळणी करण्याची पद्धत आहे. दात्याच्या बीजाचे समर्थन करताना नियोगाचा (पतीऐवजी अन्य पुरुषाकडून संतती मिळवण्याच्या प्राचीन प्रथेचा) दाखला देतात, पण नियोगातील पुरुष कुटुंबाला ठाऊक असे, दाता मात्र अनोळखी असतो.

२०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार २३ ते ३५ वयाची स्त्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते व त्या वेळी सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. त्याच वर्षीच्या सरोगसी कायद्याने मोबदल्याची सरोगसी बंद झाली. सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा बंधनकारक आहे. दोन्ही बीजे जोडप्याचीच हवीत, ही सरोगसीची अट फेब्रुवारी २०२४ मध्ये वैद्यकीय कारणापुरती शिथिल झाली.