पांढरा, पिवळा आणि ‘नॅचरल’: कोकणातल्या घरगुती उजेडाची पार्श्वभूमी

चिपळूण असो, रत्नागिरी असो की कुडाळ, इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब मागितला की गल्ल्यावरून एकच प्रश्न येतो: “पांढरा की पिवळा?” खोक्यावर मात्र तीन नावे असतात. वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० किंवा ३००० केल्विन, नॅचरल व्हाइट म्हणजे ४०००, आणि कूल डेलाइट म्हणजे ६५००. गंमत अशी की दिवसाच्या उजेडाचे नाव एका खोक्यावर आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द दुसऱ्यावर. गिऱ्हाईक बहुतेक वेळा ६५०० चा उचलते, घरी लावते आणि दोन दिवसांनी म्हणते, उजेड आहे, पण घर घरासारखे वाटत नाही. दोष बल्बचाच असतो असे नाही.

आधी केल्विनचे, म्हणजे तापमान मोजायच्या एककाचे, पाहू. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापत जाते तसे ते लाल, नारिंगी, पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते. तापमान आणि रंग यांचे नेमके गणित माक्स प्लांकने १९०० साली मांडले, आणि दिव्याच्या रंगाला तापमानाचा आकडा देण्याची पद्धत त्यावर उभी आहे. समईची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, तारेचा जुना बल्ब २७००, भर दुपारचे ऊन ५५००, ढगाळ आकाश ६५०० ते ७०००, आणि सावलीत पोचणारा निव्वळ निळ्या आभाळाचा उजेड १०००० च्याही वर. म्हणजे आकडा चढतो तसा रंग निळसर होतो. आपण मात्र निळसर उजेडाला ‘थंड’ म्हणतो. हा उलटा हिशोब नवख्या माणसाला हमखास चकवतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये रंग मोजायची चौकट ठरवली तेव्हा तारेच्या बल्बसाठी ‘ए’ हा प्रमाण प्रकाश घेतला. दिवसाच्या उजेडासाठीचा ‘डी ६५’ १९६० च्या दशकात आला. डी ६५ हा आकडेमोडीने काढलेला तक्ता आहे, तंतोतंत तसा उजेड देणारा दिवा नाही. खोक्यावर ६५०० छापलेला बल्ब त्या तक्त्याशी रंगछटेपुरता जुळतो. आतला वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा उजेड किती हा हिशोब, वेगळाच असतो. हे पुढे उपयोगी पडेल.

कोकणातल्या घरात वीज येण्याआधी उजेड तेलाचा होता. देवापुढे खोबरेलाची समई, इतरत्र उंडीच्या बियांचे कडू तेल, नंतर रॉकेलची चिमणी आणि कंदील. एका वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीएवढा, म्हणजे हातभर अंतरावर काही लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) आणि खोलीच्या कोपऱ्यात जवळजवळ काही नाही. इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात. त्यामुळे तांबडे काळपट दिसते आणि निळे-हिरवे त्यामानाने उजळ. हा बदल पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नोंदवला. माजघरात समईजवळ बसलेल्या माणसाला मात्र तो उजेड ‘पिवळा’ वाटत नाही. दृष्टी समोरच्या उजेडाशी जुळवून घेते: बराचसा भाग काही सेकंदांत, आणि जवळजवळ सगळा मिनिटभरात. फक्त ३००० केल्विनच्या खाली ही जुळवणी पुरी होत नाही, थोडी पिवळी झाक उरतेच.

याचा पडताळा घ्यायचा तर पावसाळ्यातली तिन्हीसांज बघावी. ओटीवर ढगांतून झिरपणारा निळसर उजेड असतो आणि आत २७०० चा बल्ब लागतो. अंगणातून पाहिले तर आतला बल्ब चक्क नारिंगी. आत जाऊन दोन मिनिटे बसा, तोच बल्ब साधा पांढरा होतो आणि दाराबाहेरचे आभाळ गडद निळे. बल्ब बदललेला नसतो, आपला ‘पांढरा’ सरकलेला असतो.

पांढऱ्या उजेडाची पहिली मोठी ओळख कोकणाला विजेने नव्हे, गॅसबत्तीने करून दिली. पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये थोरियम ऑक्साइड ९९ टक्के आणि सेरियम ऑक्साइड एक टक्का असायचे. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे प्रमाण १८९१ च्या सुमारास पक्के केले. ही जाळी नुसती तापून पिवळी पेटत नाही. ती दृश्य प्रकाश निवडून फेकते, म्हणून उजेड पांढरा, किंचित हिरवट झाक असलेला. दशावताराच्या मंडपात किंवा लग्नाच्या मांडवात गॅसबत्ती आली की कंदील लाजेने कोपऱ्यात जात. पांढरा उजेड म्हणजे समारंभ, पैसा, गर्दी हे नाते तिथेच जुळले असावे.

विजेचा इतिहास इथे थोडा विचित्र आहे. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पण वीज निघाली मुंबईच्या गिरण्यांकडे. कोयनेचे पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरून १९६२ पासून वीज देऊ लागले. आजूबाजूच्या वाड्यांवर मात्र पुढेही बराच काळ कंदीलच होते. दिवे आले तेव्हा ते ४० आणि ६० वॉटचे पिवळे बल्ब होते, आणि लांबलेल्या तारांच्या टोकाला दाब कमी. तारेचा बल्ब दाबाला फार हळवा असतो: २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उजेड निम्म्याहून खाली येतो आणि रंग २७०० वरून २४५० च्या आसपास घसरतो. ‘पिवळा दिवा’ या शब्दाला आपल्याकडे जी दारिद्र्याची छटा आहे ती पिवळेपणाची नाही, मिणमिणतेपणाची आहे. दोन्ही एकत्रच अनुभवाला आले, म्हणून एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटली.

मग ट्यूब आली. अमेरिकेत ती १९३८ पासून विकली जात होती. तिला खरा स्वस्तपणा आला तो इंग्लंडमध्ये १९४२ साली शोधलेल्या कॅल्शियम हॅलोफॉस्फेटच्या पावडरीमुळे. चार फुटांची ३८ मिलिमीटर जाड, ४० वॉटची नळी, लोखंडी पट्टी, चोक आणि स्टार्टर हा संच आपल्याकडे कित्येक वर्षे टिकला. दाब पडला की स्टार्टर नुसता टिकटिक करायचा, म्हणून संध्याकाळचा भार वाढायच्या आत ट्यूब लावून ठेवायची घरोघरी सवय. ही नळी आपल्याकडे खपली ती बहुतांशी ६५०० केल्विनची. म्हणजे कोकणातली नजर १९०० वरून २७०० ला थोडी थबकली आणि तिथून थेट ६५०० वर गेली. मधले ३०००-४००० तिने घरात फारसे पाहिलेच नाहीत.

उकाड्याच्या मुलखात थंड रंगाचा दिवा आवडतो, असेही सांगितले जाते. रंगाने तापमानाची जाणीव बदलते का, हे मोजायचे प्रयत्न १९२६ पासून झालेत. परिणाम सापडला तरी अगदी लहान असतो. माझ्या मते त्यापेक्षा साधे कारण पुरेसे आहे: ६० वॉटचा बल्ब खरोखरच तापायचा, ट्यूब तेवढी तापायची नाही.

दुसरे कारण अधिक रंजक आहे, नीळ. धोतर-साडीला नीळ घालणे, भिंतीच्या चुन्यात चिमूटभर नीळ मिसळणे ही जुनी रीत. चुना मुळात किंचित पिवळट असतो; निळीने तो खरे तर थोडा काळसर होतो, पण डोळ्याला जास्त पांढरा दिसतो. उजेडाच्या बाबतीत असेच काही आहे का? प्लांकच्या गणितातून रंगांच्या नकाशावर एक वक्ररेषा निघते. दिव्याचा रंग तिच्या वर गेला की हिरवट, खाली गेला की गुलाबी-जांभळट. २०१३ मध्ये री आणि फ्रेसिनिए या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की ४००० केल्विनच्या खाली लोकांना ‘बिनरंगी पांढरा’ वाटणारा उजेड या रेषेच्या थोडा खाली असतो, आणि ४००० च्या वर तो रेषेच्या किंचित वर जातो. पुढच्या वर्षी योशी ओनो यांच्या प्रयोगांत लोकांनी सगळ्यात नैसर्गिक म्हणून निवडलेला उजेड रेषेच्या बराच खाली, त्या नकाशावरच्या मापात उणे ०.०१५ च्या आसपास निघाला. दिवे बनवणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या रेषेवर बसण्याची धडपड करत आले होते. स्वस्त ट्यूब आणि स्वस्त एलईडी तर बहुधा रेषेच्या वर, हिरव्या बाजूला कलंडतात, कारण डोळ्याला हिरव्याची जाणीव सर्वाधिक आणि त्याच विजेत लुमेनचा, म्हणजे दिव्याने दिलेल्या एकूण उजेडाचा, आकडा मोठा दिसतो. चेहरे आजारी दिसतात ते इथे.

आता मूळ तक्रार: डेलाइट आहे, मग घर घरासारखे का वाटत नाही? फिलिप्सच्या आइंडहोवन प्रयोगशाळेतल्या क्रुइटहॉफने १९४१ मध्ये यावर एक आलेख दिला. त्याचे सार असे की साधारण ७५ लक्सच्या घरगुती उजेडात २४०० ते २७०० केल्विन बरे वाटते, ४०० लक्सला ३००० ते ६००० चालते, आणि ६५०० हा रंग मुळात हजारो लक्सच्या उघड्या आभाळाचा. मंद उजेडात तो निळसर, उदास दिसतो. हा आलेख पुढे सगळ्या पाठ्यपुस्तकांत गेला, पण प्रयोग कसा केला ते त्याने फारसे लिहिले नव्हते. बॉइस आणि कटल यांनी १९९० मध्ये लोकांना खोलीत नीट रुळू दिल्यावर विचारले, तेव्हा रंगतापमानाने मत फारसे बदलले नाही. उजेड किती आहे यानेच बदलले. म्हणून आलेखाला नियम मानू नये. कमी उजेडात ६५०० बरा वाटत नाही, एवढे मात्र दोन्हीकडून टिकते.

आपल्या खोलीचा हिशोब करू. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ९ वॉटचा एलईडी ९०० लुमेनच्या आसपास देतो. जांभ्याच्या उघड्या भिंती पडलेल्या उजेडातला जेमतेम पाव हिस्सा परत करतात, शेणाने सारवलेली जमीन त्याहूनही कमी, आणि वर सिलिंग नसले तर उरलेला कौलांच्या पोकळीत हरवतो. टेबलाच्या उंचीवर हाती लागतात २५ ते ३० लक्स. याच खोलीत पांढरी भिंत आणि पांढरे सिलिंग असले तर सुमारे ४५. म्हणजे ‘दिवसाचा’ रंग, पण ढगाळ दिवसाच्या उघड्यावरच्या उजेडाचा शेकडावा हिस्साही नाही. शिवाय जांभा निळा शोषतो आणि तांबूस परत करतो: दिव्याखाली निळसर, भिंतीलगत मातकट, अशी दोन पांढऱ्यांची भांडणे एकाच खोलीत. २००० लुमेनच्या दोन पट्ट्या लावून भिंती पांढऱ्या केल्या तर १८० लक्सच्या आसपास जाता येते, आणि तिथे ६५०० बराच माणसाळतो. तेवढा उजेड नको असेल तर ३००० घ्यावा.

एक अपवाद. पावसाळ्यात भर दुपारीही आतल्या खोल्यांत दिवा लागतो. काचेच्या कौलातून आणि माडा-आंब्यांच्या पानांतून गाळून येणारा उजेड निळसर-हिरवट असतो. त्याच्या जोडीला २७०० चा बल्ब लावला तर टेबलावर दोन रंगांच्या दोन सावल्या पडतात. अशा वेळी ४००० ते ६५०० जुळतो. स्वयंपाकघरात दिवसासाठी एक आणि रात्रीसाठी एक असे दोन वेगळे दिवे ही चैन नाही, सोय आहे.

सरकारी योजनांनीही पसंती घडवली. बचत लॅम्प योजनेत २००९ पासून १५ रुपयांत सीएफएल मिळू लागले. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, तेही थंड पांढऱ्या जातीचे. निळीच्या एका प्रसिद्ध बाटलीचे नावही हेच, हा योगायोग.

एलईडीच्या पांढऱ्याची घडण वेगळी आहे. ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळी प्रकाशणारी पावडर, ही जोडी १९९६ पासून बाजारात आहे. निळ्या चिपच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. या उजेडात ४८० च्या आसपास खळगा असतो आणि गडद तांबडा संपत आलेला. खोक्यावर ‘सीआरआय ८०’ असते, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे गुण; ते आठ फिक्या रंगांची सरासरी. गडद तांबड्याचा नववा नमुना, आर ९, त्या सरासरीत धरतच नाहीत आणि तो बहुधा शून्य ते वीसच्या दरम्यान असतो. म्हणून बांगड्याचे कल्ले ताजे असूनही तपकिरी दिसतात, आमसूल काळे पडल्यासारखे आणि सोलकढीचा गुलाबी राखाडीकडे झुकलेला. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, ट्यूबखाली जुळवलेला मूर्तीच्या अंगाचा रंग घरी माटवीखालच्या (मूर्तीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखालच्या) एलईडीत हिरवट निघतो. रंग चुकलेला नसतो, वर्णपट बदललेला असतो. रंगकाम दिवसा खिडकीशी तपासावे, किंवा सीआरआय ९० आणि आर ९ पन्नासच्या वर लिहिलेला दिवा घ्यावा.

एकाच खोलीत एकाच वेळी घेतलेले बल्बही वेगळे दिसू शकतात. ६५०० या छापाखाली अमेरिकी मानकात सुमारे ६०२० ते ७०४० एवढी मोकळीक आहे, तर २७०० ला वर-खाली जेमतेम १४५. आकड्यांत तफावत मोठी, पण वरच्या आकड्यांत तेवढ्याच केल्विनचा रंगफरक कमी दिसतो, म्हणून डोळ्याला दोन्हीकडची मोकळीक जवळपास सारखीच. एका खोलीचे बल्ब एकाच खेपेचे घ्यावेत. खारी हवा आणि उष्णतेने प्लास्टिकचे झाकण पिवळावते, आणि दोन पावसाळ्यांत ६५०० वाला जुना बल्ब नव्याशेजारी म्हातारा दिसतो.

हल्ली तीन रंगांचे बल्ब मिळतात. बटण पटकन बंद-चालू केले की पांढरा, पिवळा, नॅचरल असे फेर घेतात. कल्पना चांगली, पण बल्बला बटण आणि लाइन जाणे यांतला फरक कळत नाही. जून-जुलैत वाऱ्याने तारा हलल्या, क्षणभर लाइन गेली आली, की जेवताना घरातला उजेड आपणहून पिवळ्याचा पांढरा होतो.