भूमिगत पत्र आणि फुकट साप्ताहिक: पैसे कोण मोजतो?

अमेरिकेतील पर्यायी पत्रकारितेविषयी मराठीत काही छापून आले की साठच्या दशकातील भूमिगत (‘अंडरग्राउंड’ म्हणवणारी, पण उघडपणे विकली जाणारी बंडखोर) वृत्तपत्रे आणि सत्तरच्या दशकातील फुकट शहरी साप्ताहिके हटकून एकाच दावणीला बांधलेली दिसतात. दोन्ही प्रस्थापित दैनिकांना कंटाळलेल्या तरुणांनी काढली, एवढ्या साम्यावर ही गल्लत वर्षानुवर्षे चालू आहे.

भूमिगत पत्रांविषयी फार सांगायला नको. १९६४ साली आर्ट कुन्किन यांनी सुरू केलेले ‘लॉस एंजेलिस फ्री प्रेस’, पाठोपाठ आलेले ‘बर्कली बार्ब’, व्हिएतनाम युद्धाला विरोध हे सारे परिचयाचे आहे. आपल्याकडच्या अनियतकालिकांची (लिटल मॅगझिन) चळवळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यामागची पदरमोडही वेगळी समजावून द्यावी लागत नाही. भूमिगत पत्रे आणि फुकट साप्ताहिके यांच्यात भाषेतील मोकळेपणाचे आणि मांडणीतील धसमुसळेपणाचे जे फरक आहेत, ते किरकोळ आहेत.

खरा फरक आहे तो अंकाचे पैसे कोण मोजतो, यात. भूमिगत पत्र विकत घ्यावे लागे. नावात ‘फ्री’ मिरवणाऱ्या ‘फ्री प्रेस’लाही किंमत होती. याउलट ऑक्टोबर १९७१ मध्ये रॉबर्ट रॉथ आणि त्यांच्या कॉलेजमित्रांनी काढलेले ‘शिकागो रीडर’ पहिल्या अंकापासून फुकट होते. दुकानांत आणि तरुणांचा राबता असलेल्या इतर ठिकाणी त्याचे गठ्ठे ठेवले जात आणि ज्याला हवा त्याने अंक उचलावा, अशी रीत होती. यात दानधर्म नव्हता की क्रांतीही नव्हती, रोखठोक हिशेब होता. मोठ्या दैनिकात जाहिरात द्यायची तर संपूर्ण महानगरातील खपाचा दर मोजावा लागे, आणि कोपऱ्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानाला तो झेपत नसे; त्या दुकानाला नेमके त्याच वयाचे, त्याच वस्तीतले गिऱ्हाईक परवडेल अशा दरात मिळवून देणे हा साप्ताहिकाचा धंदा होता. म्हणून नाटक-सिनेमा-मैफलींच्या याद्या आणि भाड्याच्या घरांच्या छोट्या जाहिराती ही त्यातली भरताड नव्हती. अंक हातात घेण्याचे ते पहिले कारण होते.

‘फुकट म्हणजे हलके’ हा शेरा मला मुळीच मान्य नाही. स्टॉलवर अंक खपवायचा नसल्यामुळे किंचाळणाऱ्या मथळ्यांची गरज उरत नव्हती, आणि म्हणूनच ‘रीडर’ला मधमाश्या पाळण्यावर मायकेल लेनेहान यांचा प्रदीर्घ लेख छापणे शक्य झाले. जॉन बर्ज या अधिकाऱ्याच्या हाताखालील शिकागो पोलिसांनी कोठडीत केलेल्या छळाची जॉन कॉनरॉय यांनी १९९० मध्ये मांडलेली तपशीलवार हकीकतही याच फुकट अंकात आली. कोणत्याही भूमिगत पत्राच्या घोषणाबाजीपेक्षा मी तिला अधिक मोलाची मानतो.

सर्वांत चीड येते ती ‘व्हिलेज व्हॉइस’ला ‘पहिले फुकट पर्यायी साप्ताहिक’ म्हटलेले वाचून. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९५५ साली निघालेल्या या पत्राची किंमत पाच सेंट होती आणि मॅनहॅटनमध्ये ते फुकट झाले १९९६ मध्ये, म्हणजे चार दशके विकले गेल्यानंतर. लेखनशैलीत ते पुढच्या साऱ्यांचे पूर्वज खरे, पण फुकट वाटपाच्या व्यवहारात ते फार उशिरा आले.

दोघांचा ऱ्हास वेगवेगळ्या कारणांनी झाला, तोही याच फरकामुळे. युद्ध ओसरले तसा भूमिगत पत्रांचा वाचक पांगला. साप्ताहिकांचा वाचक मात्र जागेवर होता, जाहिरातदार निघून गेला: १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘क्रेगलिस्ट’ने छोट्या जाहिराती इंटरनेटवर ओढून नेल्या. ‘व्हिलेज व्हॉइस’चा छापील अंक २०१७ मध्ये थांबला, ‘रीडर’ २०२२ मध्ये ना-नफा संस्थेकडे गेले, आणि ज्या वाचकाकडून कधी एक सेंटही घेतला नव्हता, त्याच्याकडे देणगी मागण्याची पाळी आली.