व्हॅली फोर्ज : दगडी घरामागचा लोखंडाचा कारखाना

पेनसिल्व्हेनियात व्हॅली क्रीक हा ओढा स्कूलकिल नदीला मिळतो, तेथे एक छोटेखानी दगडी घर उभे आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मुख्यालय म्हणून ते सर्वपरिचित आहे. पण ते ज्या कुटुंबाचे, त्याचा व्यवसाय लोखंडाचा आणि पिठाच्या गिरणीचा होता. ओढ्यावरील फोर्ज 1742 च्या सुमारास ‘माउंट जॉय’ या नावाने सुरू झाली व 1757 मध्ये या कुटुंबाकडे आली.

‘फोर्ज’ या शब्दाचा मराठीत सर्रास ‘भट्टी’ असा अनुवाद होतो आणि घोटाळा तेथेच होतो. धातुक (धातू असलेले खनिज) वितळवून कच्चे लोखंड काढते ती झोतभट्टी, आणि तशी भट्टी येथे नव्हती. बाहेरून आलेले कच्च्या लोखंडाचे ठोकळे लोणारी कोळशाच्या आगीत तापवायचे, त्यांतील जादा कार्बन जाळायचा आणि पाणचक्कीच्या जोरावर उचलल्या जाणाऱ्या अवजड घणाखाली ठोकून त्यांच्या घडीव लोखंडाच्या कांबी करायच्या, हे फोर्जचे काम. ‘लोहारशाळा’ हा शब्दही या व्यापाला अपुरा पडतो, म्हणून मूळ शब्दच ठेवणे बरे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ब्रिटिश संसदेच्या 1750 च्या कायद्याने वसाहतींतील कच्च्या लोखंडाला व कांबींना उत्तेजन दिले. मात्र कांबी चिरणाऱ्या गिरण्या, पत्रे ठोकणारे घण आणि पोलादाच्या भट्ट्या नव्याने उभारण्यास मनाई केली. कच्चा माल वसाहतीने पुरवावा आणि पक्का माल इंग्लंडने विकावा, असा त्याचा सरळ अर्थ होता.

लष्करी साहित्य साठवल्यामुळे ब्रिटिश फौजेने सप्टेंबर 1777 मध्ये ही फोर्ज जाळली. 19 डिसेंबरला सुमारे 12,000 अमेरिकी सैनिक हिवाळी तळासाठी येथे आले, तेव्हा तिची राख झालेली होती. सरसेनापतींनी घर भाड्याने घेतले. खोल्या इतक्या लहान होत्या की जेवणासाठी ओंडक्यांची वेगळी खोली बांधावी लागली. 19 जून 1778 रोजी तळ उठेपर्यंत सुमारे 2,000 सैनिक रोगराईने दगावले होते.

एका स्मारक संस्थेने 1879 मध्ये घर विकत घेतले, 1893 मध्ये परिसर राज्य उद्यान झाला आणि 1976 मध्ये राष्ट्रीय उद्यान. मधल्या काळात सारा परिसर त्या सहा महिन्यांच्या रूपात दाखवण्याचे ठरले आणि घराभोवतीची एकोणिसाव्या शतकातील बांधकामे पाडण्यात आली. या निर्णयाने घर जपले गेले हे खरे. पण फोर्जची जळण्यापूर्वीची सुमारे 35 वर्षे त्यात झाकोळली. तिचे अवशेष पुढे ओढ्याच्या गाळाखाली उत्खननात सापडले.