तराजूने अणू मोजायचे

नववीतली भाची परवा वही घेऊन आली. ‘‘मामा, कार्बनच्या अणूचं वस्तुमान १२ आणि एक मोल कार्बन म्हणजेही १२ ग्रॅम. आकडा तोच कसा?’’ तसा नियमच आहे, पाठ कर, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला ते उत्तर फार लागलं. मोल म्हणजे अणू-रेणू मोजण्यासाठी ठरवलेली एक प्रचंड संख्या, आणि तिचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे.

हार्डवेअरच्या दुकानात पाचशे स्क्रू मागा. दुकानदार एकेक मोजत नाही. दहांचं वजन करून त्याच्या पन्नासपट तोलून देतो. आता समजा, खिळा एक ग्रॅमचा आणि बोल्ट बारा ग्रॅमचा आहे. एक किलो खिळे आणि बारा किलो बोल्ट घेतले तर दोन्ही ढिगांत नग सारखेच. आणि खिळा नेमका किती ग्रॅमचा हे ठाऊक नसलं, बोल्ट त्याच्या बारापट जड एवढंच माहीत असलं, तरी नग सारखे हे खात्रीने सांगता येतं.

हायड्रोजन आणि कार्बनच्या अणूंचं प्रमाण असंच जवळजवळ १ ला १२ आहे. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणू सारखेच. अणूंची वस्तुमानं कार्बन १२ धरून ठरवली, ढीगही १२ ग्रॅम कार्बनचा धरला. मग आकडे जुळणारच. यात निसर्गाचा चमत्कार नाही, ती आपण लावलेली सोय आहे.

मोल हे वजन नाही. डझन किंवा कोडीसारखी ती नगांची संख्या आहे, आणि त्या ढिगाचं वजन म्हणजे मोलर वस्तुमान. घोटभर, म्हणजे १८ ग्रॅम पाणी आणि ३४२ ग्रॅम साखर यांत रेणू अगदी सारखे: ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात.

हा आकडा ध्यानात असला की बऱ्याच दाव्यांची परीक्षा घरीच करता येते. होमिओपथीत ‘३० सी’ म्हणजे शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा. एक मोल औषधापासून सुरुवात केली, तरी बाराव्या वेळेनंतर तेवढ्याच द्रावणात सरासरी एक रेणूही उरत नाही. पुढच्या अठरा वेळा नुसतं पाणी किंवा अल्कोहोलच पातळ होत असतं.

पण एवढे अणू मोजले कसे? मला सर्वांत आवडते ती सिलिकॉनची पद्धत. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू एकाच नक्षीच्या घनांत रचलेले असतात. क्ष-किरणांनी त्या घनाची बाजू मोजता येते: ०.५४३१ नॅनोमीटर. एका घनाच्या वाट्याला किती अणू? आठ कोपऱ्यांवरचा प्रत्येक अणू आठ घनांत वाटलेला, म्हणून त्यांचा मिळून एक. सहा पृष्ठांवरचे अर्धे अर्धे, म्हणून तीन. आत पूर्ण चार. एकूण आठ.

घनाचं घनफळ ०.१६०२ घन नॅनोमीटर. त्याला आठांनी भागलं की एका अणूच्या वाट्याची जागा येते, ०.०२००२. आता दुसरी बाजू. एक मोल सिलिकॉन २८.०९ ग्रॅम, घनता दर घन सेंटिमीटरला २.३२९ ग्रॅम, म्हणजे घनफळ १२.०६ घन सेंटिमीटर. एका घन सेंटिमीटरमध्ये दहाचा एकविसावा घात इतके घन नॅनोमीटर मावतात. भागाकार वहीवर करून पाहा: ६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात! शाळेतल्या गणिताने अणू मोजून झाले.

शास्त्रज्ञांनी हेच अफाट काटेकोरपणे केलं. सिलिकॉनचे अणू थोड्या वेगवेगळ्या वस्तुमानांचे असतात; त्या प्रकारांना समस्थानिकं म्हणतात. त्यांतलं २८ वस्तुमानांकाचं समस्थानिक जवळजवळ शुद्ध रूपात मिळवलं आणि त्याचा एक किलोचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा गोळा घासून घडवला. गोळाच का? कारण घनाच्या कडा आणि कोपरे झिजतात, तुटतात. गोळ्याचं घनफळ मात्र त्याचा व्यास अनेक दिशांनी मोजून काढता येतं.

या मोजणीचा आधार घेऊन २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या उलटी झाली. आता संख्याच पक्की ठरवलेली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. कार्बन-१२ चा एक मोल १२ ग्रॅम भरतो, हे व्याख्येने गृहीत धरायचं राहिलं नाही, प्रयोगाने मोजायचं झालं. भाचीच्या पुस्तकातला आकडा बदलला नाही; कोण कुणावर टेकलं आहे, ते बदललं.