चाकूवरचं नाव: मार्किंग वेगळं अन् खोदकाम वेगळं

दोस्तासाठी खास चाकू बनवून घ्यायचा, त्यावर त्याचं नाव टाकायचं म्हणलं की इकडं जो तो एकच सांगतो, "लेझरवाल्याकडे दे ना भाऊ, कोरून देते तो." अन् लेझरवाल्याच्या बोर्डावरही एन्ग्रेव्हिंग, म्हणजे खोदकामच लिहिलेलं असते. आत गेलं की नव्वद टक्के वेळा होते ते मार्किंग. मंग दोन हंगामात नाव पुसट झालं की चाकू बेकार, स्टील डुप्लिकेट, असं सुरू होते. चाकूचा काही दोष नसतो, आपण मागितलं एक अन् घेतलं दुसरं.

भांड्यावरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. लग्नातल्या गंज-गुंडावर टर्रर्र करत मशीन फिरते, ठिपक्या-ठिपक्यांचं नाव उमटते, ते आजीच्या काळापासून तसंच आहे. त्याबद्दल जास्त सांगत नाही. फक्त एवढंच, की तोच माणूस चाकूचं पातं हातात घेतो तेव्हा त्याच्या मशीनचं टोक घसरते, काऊन की भांड्याचं स्टील नरम असते अन् चाकूचं पातं पाणी देऊन कडक केलेलं, चांगलं असलं तर ५६ ते ६० रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप). कार्बाइडच्या टोकानं ओरखडे पडतात, पण अक्षर नाचते. चांगल्या पात्यावर हा प्रयोग करूच नका.

आता मुद्द्याचं. मार्किंगमधे धातू जागचा हलत नाही. लेझर वरचा भाग फक्त तापवतो, तिथं ऑक्साइडचा थर तयार होतो अन् तो काळा दिसतो. जाडी मायक्रॉनमधली, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोट फिरवा, नख फिरवा, काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी हे इतकं सुंदर दिसते, एकदम काळंभोर अन् रेषा केसासारखी, की माणूस भाळतोच. अन् ही पद्धत वाईट आहे असंही नाही. दवाखान्यातल्या कात्र्या-चिमट्यांवर नंबर असाच टाकतात, कारण खाच पडली की त्यात घाण बसते. जिथं खाच नको तिथं मार्किंगच पाहिजे.

खोदकामात धातू निघून जातो. लेझर त्याच रेषेवरून परत परत जातो, दरवेळी थोडं स्टील वाफ होऊन उडते अन् शेवटी खरीखुरी खाच पडते, मिलिमीटरचा दहावा भाग किंवा दोन दहावे. बहुतेकांना हे माहीतच नसते की दोन्ही कामं एकच फायबर लेझर मशीन करू शकते. म्हणून दुकानात मशीन पाहून काही कळत नाही. फरक वेळेचा आहे. साध्या २० वॅटच्या मशीनवर मार्किंगचं नाव चहा येईपर्यंत होऊन जाते, तेच खोल कोरायचं तर मशीन कितीतरी पट जास्त वेळ अडकून पडते. तुम्ही खोली सांगितली नाही, तर दुकानदार मार्किंगच करून देणार. तो फसवते असं मी म्हणत नाही, त्याला कोणी विचारतच नाही.

आपल्या इकडच्या चाकूचं काम पाहा मंग. वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागवाला दोस्त असला तर त्याच्या खिशातला चाकू दिवसभर पाणसोट (झाडाच्या फुकट वाढलेल्या फांद्या) काढतो, सुतळी तोडतो, ठिबकची नळी कापतो, खताचं पोतं उघडतो, अन् मधे एक संत्रा कापून खायलाही तोच. संत्र्याच्या रसात सायट्रिक ॲसिड. घरी गेल्यावर तारेची घासणी. महिन्या-दोन महिन्यानं धारेच्या दगडावर पातं आडवं पडून घासल्या जाते. एवढ्यात तो मायक्रॉनचा थर किती टिकणार? खाच मात्र टिकते. तिच्यातला काळा रंग जाईल, पण उजेडात तिरपं धरलं की नाव वाचता येते. अन् दोस्ताचा चाकू लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचा बनवला असला तर त्यावर मार्किंग म्हणजे पैसा पाण्यात, कारण ते पातंच काही दिवसात काळपट होते, काळ्यावर काळं कोण वाचणार.

अजून एक. स्टेनलेसवर मार्किंग करताना मशीननं स्टील जास्त तापवलं की तिथलं क्रोमियम ऑक्साइडात अडकते अन् गंजापासून वाचवायला उरत नाही. सगळं पातं चकचकीत अन् गंज नेमका नावावर, असं दिसलं की समजा कारण हेच. लोक मात्र भलतीच भीती घेऊन बसतात, की लेझरनं पात्याचं पाणी उतरते. नाही उतरत, ताप फार पातळ भागात राहतो. पाणी उतरते ते नंतर ग्राइंडरवर चमकवायला नेलं अन् पातं निळं पडलं तेव्हा. त्या ग्राइंडरवाल्यापासून चाकू लांब ठेवा.

माझं स्पष्ट मत, पात्यावर काहीच लिहू नये. नाव मुठीच्या पुढच्या पितळी पट्टीवर, खोल कोरून. पितळ नरम, खाच स्वच्छ पडते, हाताच्या घामानं पट्टी काळवंडली तर नाव अजून उठून दिसते. पात्यावर हट्टच असला तर पाठीकडच्या जाड भागात घ्या, धारेजवळ खाच म्हणजे पातं तिथूनच तडकायची सोय. लोहाराकडून बनवत असाल तर पाणी द्यायच्या आधी कोरून घ्या, तेव्हा छिन्नीही चालते. घडीचा चाकू असला तर मूठ खोलूनच द्या, नाहीतर उडालेली बारीक धूळ खिळ्यात जाऊन बसते.

काळा मुलामा दिलेल्या पात्यावर पांढरं नाव दिसते ते ना मार्किंग ना खोदकाम, नुसता मुलामा उडवलेला असतो. अन् लाकडी मुठीसाठी सीओटू लेझर लागतो, उघड्या स्टीलवर त्याचं काही चालत नाही. बस.

मराठी नाव असलं तर दुकानात टाईप करू देऊ नका, लय ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, रफार भलत्यावरच बसतो, जोडाक्षर फुटते. नाव डीटीपीवाल्याकडून कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र बनवून) पीडीएफ न्या अन् आधी पत्र्याच्या तुकड्यावर काढून पाहा. शायरी नको, तारीख-बिरीख पण नको. पट्टी बोटाच्या पेराएवढी असते, त्यावर एक नाव मोठं अन् खोल घ्या.

घेताना दुकानातच नख फिरवा. अडकलं तर पैसे द्या, घसरलं तर परत मशीनवर लावायला सांगा.

पात्याच्या मापाचंही पाहून घ्या. शस्त्र नियम २०१६ मधे ९ इंचाच्या वर लांब किंवा २ इंचाच्या वर रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामाची अन् शेतीची अवजारं सोडून. खिशातल्या चाकूला ३ इंच पातं भरपूर झालं. पण सणावाराला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो, तेव्हा छोटाही चाकू बाजारात नेऊ नये, हे दोस्ताला चाकू देतानाच सांगून ठेवा.